ओटू सेन्सर बदलण्याआधी: जुन्या गाडीतला खरा दोष शोधायचा कसा

माझी गाडी २०११ सालची, पुणे पासिंगची पेट्रोल हॅचबॅक. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आसपास तिचं अ‍ॅव्हरेज सोळावरून अकरावर आलं आणि मीटरमध्ये चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, स्क्रीनवर 'ओटू सेन्सर' (म्हणजे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर) हे शब्द दिसले आणि तिथेच निकाल लागला. नवा सेन्सर बसला, दिवा विझला, पंधरा दिवसांनी परत लागला. अ‍ॅव्हरेज अकराचं अकराच. शेवटी एका रविवारी मल्टिमीटर घेऊन मीच बसलो, तेव्हा कळलं की सेन्सर पहिल्यापासून खरंच बोलत होता. गळती त्याच्या नाकासमोर होती. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि फाशीचा खर्च माझ्या खिशातून गेला होता.

त्या रविवारी जे केलं, आणि पुढे ओळखीच्यांच्या पाच-सहा गाड्यांवर जे करून पाहिलं, ते क्रमाने लिहितोय. क्रम मोडू नका. फुकटच्या तपासण्या आधी, पाना सगळ्यात शेवटी.

सुरू करण्याआधी एक सांगतो. इंजिन चालू ठेवून करायची कामं उघड्यावर करा. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये किंवा शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, खाली स्टँड हवेतच.

हा सेन्सर नेमकं काय मोजतो

सेन्सर पेट्रोल मोजत नाही. पुढचा सगळा घोळ याच एका गोष्टीमुळे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

एक्झॉस्टच्या पाइपात बोटाच्या पेरासारखं झिर्कोनिया या सिरॅमिकचं एक टोपण असतं. त्याच्या बाहेरच्या अंगाला जळून आलेला वायू, आतल्या अंगाला आपली साधी हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जितका जास्त फरक, तितकं जास्त व्होल्टेज. इंजिनात पेट्रोल जास्त पडलं की एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जवळजवळ उरत नाही, फरक मोठा होतो, मीटर ०.८ ते ०.९ व्होल्ट दाखवतो. याला रिच म्हणतात. पेट्रोल कमी पडलं की ऑक्सिजन शिल्लक राहतो, फरक घटतो आणि व्होल्टेज ०.१ च्या आसपास येतं. हे लीन. साध्या पेट्रोलच्या एका किलोला साधारण १४.७ किलो हवा हे योग्य प्रमाण. तिथे व्होल्टेज ०.४५ च्या आसपास असतं आणि तिथून दोन्ही बाजूंना ते उतारावरून घरंगळल्यासारखं झटकन जातं.

ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, या माहितीवर सतत पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. त्यामुळे निरोगी गाडीत हे व्होल्टेज कधीच स्थिर नसतं, झोक्यासारखं वर-खाली होत असतं. झोका थांबला की काहीतरी बिनसलंय एवढंच कळतं. काय बिनसलंय ते अजून शोधायचं असतं.

आता उलटा विचार करा. एक प्लग मिसिंग करतोय. त्या सिलिंडरमधलं पेट्रोल जळलंच नाही, तसंच त्यातला ऑक्सिजनही जळला नाही. तो सगळा ऑक्सिजन सेन्सरसमोरून जातो आणि सेन्सर म्हणतो, लीन! पाइपातून कच्चं पेट्रोल बाहेर चाललंय, तरी सेन्सर लीनच सांगणार, कारण त्याला ऑक्सिजनच दिसतो. ईसीयू त्यावर आणखी पेट्रोल ओततो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या पाइपाला, बारीक चीर असली तरी तेच. आयडलिंगला दोन फटक्यांच्या मधल्या क्षणी पाइपात किंचित ओढ तयार होते, चिरेतून बाहेरची हवा आत येते, सेन्सर ती मोजतो आणि बिचारा खरं तेच सांगतो.

बॉशने बनवलेला हा सेन्सर पहिल्यांदा व्होल्वोच्या गाड्यांवर १९७६ साली बसला. आपल्याकडे नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (एक्झॉस्टमधले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याची) सक्ती १९९५ मध्ये चार महानगरांपासून सुरू झाली आणि शिसेयुक्त पेट्रोल देशभरातून २००० साली गेलं. शिसं हा या सेन्सरचा जुना वैरी, तेव्हा त्या बाबतीत आपण आता निर्धास्त आहोत.

तुमच्या गाडीत कोणता आहे

कार्बोरेटरची गाडी असेल तर बहुधा हा सेन्सरच नसेल, आणि जुनी डिझेल असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत बॉनेट उघडून एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे बघा. स्पार्क प्लगसारखं दिसणारं, शेपटीला तारा असलेलं काहीतरी वरून किंवा खालून मॅनिफोल्डात घुसवलेलं दिसेल. जुन्या बऱ्याच गाड्यांत एकच असतो. कन्व्हर्टरच्या मागे दुसरा असेल तर तो मुख्यतः कन्व्हर्टरची राखण करतो. अ‍ॅव्हरेज पडल्याचा आळ त्याच्यावर घेऊ नका, बघायचा तो पुढचा.

तारा मोजा. एक तार असेल तर सेन्सर बिनहीटरचा आणि अर्थिंग बॉडीतूनच. चार तारा म्हणजे दोन हीटरच्या, एक सिग्नलची, एक सिग्नलच्या अर्थिंगची. पाच तारा दिसल्या तर तो वाइडबँड. तो वेगळ्या तत्त्वावर चालतो आणि खालचे व्होल्टेजचे आकडे त्याला लागू नाहीत. काही चार तारांचे सेन्सरही वाइडबँड असतात, म्हणून मॅन्युअलमध्ये 'ए/एफ सेन्सर' असं लिहिलं असेल तर मल्टिमीटरच्या चाचण्या सोडून द्या, नुसत्या स्कॅनरवर काम करा.

तारांच्या रंगात एक सापळा आहे. बॉशच्या चार तारांच्या सेन्सरला दोन पांढऱ्या तारा हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी अर्थिंगची. डेन्सोला दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची आणि पांढरी अर्थिंगची. म्हणजे एकाची काळी तार सिग्नलची, तर दुसऱ्याची काळी तार बारा व्होल्ट वाहणारी. इंटरनेटवरचं चित्र पाहून आपल्या गाडीवर हात चालवायचा नाही. शिवाय हे रंग सेन्सरच्या बाजूचे आहेत. कप्लरच्या (तारा जोडणाऱ्या प्लास्टिकच्या सॉकेटच्या) पलीकडे गाडीच्या वायरिंगचे रंग आणखी निराळे.

कोड हा निकाल नसतो

आपल्याकडे ओबीडीची, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून कोड साठवण्याच्या व्यवस्थेची, पहिली पायरी एप्रिल २०१० पासून बीएस-४ (भारत स्टेज-४ हे प्रदूषणाचं मानक) गाड्यांना आली आणि दुसरी एप्रिल २०१३ पासून. त्यानंतरच्या गाडीला हजार रुपयांच्या आतलं ब्लूटूथचं ओबीडी यंत्र आणि मोबाइलवरचं अ‍ॅप पुरतं. २०१० ते २०१३ मधल्या गाड्यांत कधी चालतं, कधी नाही; माझ्या गाडीत चाललं. त्याआधीच्या गाड्यांना १६ पिनांचं कप्लर असलं तरी गॅरेजचा मल्टिब्रँड स्कॅनर लागतो. त्याहून जुन्या मारुती-सुझुकीत डायग्नोसिस कप्लरच्या ठराविक पिना जोडल्या की चेक इंजिनचा दिवाच मिचमिचून आकडा सांगतो: एकदा मिचकून थांबला आणि दोनदा मिचकला तर १२, म्हणजे सगळं ठीक. १३ आला तर ऑक्सिजन सेन्सरचं सर्किट. पिना कोणत्या ते मॅन्युअल बघूनच जोडा, अंदाजाने नको.

नव्या पद्धतीच्या कोडमध्ये पी०१३५ आला तर पुढच्या सेन्सरचं हीटर सर्किट. हा त्यातल्या त्यात सरळ कोड, थेट हीटरच्या तपासणीवर जा. पी०१३४ म्हणजे सेन्सरकडून हालचालच नाही. पी०१३३ म्हणजे सेन्सर मंदावलाय, आणि म्हाताऱ्या सेन्सरबद्दलची ही तक्रार बऱ्याचदा खरी निघते. पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन, पी०१७२ म्हणजे रिच.

माझ्या गाडीत पी०१३१ होता. त्याचं वर्णन स्क्रीनवर येतं: ओटू सेन्सर, लो व्होल्टेज. गॅरेजवाल्याने पहिले दोन शब्द वाचले आणि नंतरचे दोन सोडले. व्होल्टेज कमी म्हणजे सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतोय. आता तो खरंच जास्त आहे, का सेन्सर खोटं बोलतोय, का सिग्नलची तार कुठेतरी बॉडीला लागलीय, हे कोड सांगत नाही.

कोड लिहून ठेवा, फोटो काढा, आणि लगेच पुसू नका. त्यासोबत कोड पडला त्या क्षणाची माहिती साठवलेली असते, ती पुसली की गेली.

प्लग, पीयूसी आणि ट्रिम

अ‍ॅपमधल्या लाइव्ह डेटात चार ओळी बघायच्या: कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान, सेन्सर १ चं, म्हणजे पुढच्या सेन्सरचं, व्होल्टेज, शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम. ट्रिम म्हणजे ईसीयूने आपल्या मूळ हिशोबावर किती टक्के पेट्रोल वाढवलं किंवा घटवलं. जुन्या गाडीत अधिक-उणे दहापर्यंत मी डोक्याला ताप करून घेत नाही. अधिक वीसच्या पुढे गेलं की ईसीयू धडपडतोय.

ट्रिम आयडलिंगला आणि २,५०० आरपीएमला, असं दोन्हीकडे वाचा. आयडलिंगला अधिक अठरा आणि रेस दिल्यावर अधिक चार झालं, तर कुठूनतरी हवा आत शिरतेय. इंजिन थोडीच हवा ओढत असतं तेव्हा त्या चोरट्या हवेचा वाटा मोठा, रेस दिल्यावर तो नगण्य. याच्या उलट, आयडलिंगला ठीक आणि चढावर लोड आल्यावर अधिक वीस, तर पेट्रोलच कमी पोहोचतंय: फिल्टर तुंबलाय किंवा टाकीतला पंप थकलाय. या दोन्हींत सेन्सरचा काही गुन्हा नाही.

मग एक-दोन स्पार्क प्लग काढून बघा आणि पीयूसीची जुनी आणि नवी स्लिप शेजारी ठेवा. आपण पीयूसी म्हणजे कटकट समजतो, पण त्या स्लिपवर छापलेले कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे म्हणजे स्वस्तातली लॅब टेस्ट आहे. बीएस-२ आणि बीएस-३ पेट्रोल गाडीला आयडलिंगची मर्यादा ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम, बीएस-४ ला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. मोनॉक्साइड चढला तर पेट्रोल जास्त जळतंय. हायड्रोकार्बन एकटाच चढला तर कुठेतरी मिसिंग आहे. फक्त नळी सायलेन्सरमध्ये नीट आतपर्यंत घालायला लावा. टोकाशी टेकवून काढलेल्या स्लिपला अर्थ नाही.

माझ्या गाडीत हे असं निघालं. स्कॅनर म्हणतोय लीन, आयडलिंगला लाँग टर्म ट्रिम अधिक एकोणीस. प्लगांवर काजळीचा मखमली काळा थर. पीयूसीला मोनॉक्साइड आदल्या वर्षी ०.०५, यंदा ०.२७. म्हणजे एकटा सेन्सर लीन म्हणतोय आणि बाकी सगळे पुरावे रिच. अशी विसंगती दिसली की दोनच शक्यता उरतात: सेन्सर खोटा आहे, किंवा सेन्सरपाशी इंजिनातून न आलेली हवा पोहोचतेय. नवा सेन्सरही तेच म्हणत होता, तेव्हा दुसरी शक्यता उघड होती.

सेन्सरला हात लावण्याआधी

एक्झॉस्टची गळती शोधायला सकाळी, इंजिन थंडगार असताना बसा. कुणालातरी जाड ओलं फडकं सायलेन्सरच्या तोंडावर चार-पाच सेकंद दाबून धरायला सांगा आणि स्टार्ट केल्या केल्या मॅनिफोल्डपाशी कान द्या. माझ्याकडे फडकं दाबताच तिसऱ्या सिलिंडरच्या खालून 'फुस्स फुस्स' ऐकू आलं. टॉर्च लावून पाहिलं तर गॅस्केटच्या कडेला बोटभर लांबीचा काजळीचा काळा फराटा. नंतर आठवलं, रोज सकाळी पहिल्या मिनिटाला 'टक टक' आवाज यायचा आणि गाडी तापली की जायचा. लोखंड तापून फुगतं, फट मिटते. मी तो आवाज टॅपेटचा समजत होतो. आवाज बारीक असेल तर थंड मॅनिफोल्डच्या सांध्यांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे दिसतील. काम झटपट उरका, मिनिटाभरात तो पाइप हात भाजेल इतका तापतो.

इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या, बाजूची गळती म्हणजे रबरी व्हॅक्यूम पाइप, थ्रॉटल बॉडीचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरची नळी. बारा-पंधरा वर्षांत रबर कडक होऊन वाकणाच्या आतल्या बाजूला तडकतं, वरून दिसत नाही. प्रत्येक नळी हाताने वाकवून बघा. कार्ब क्लीनर फवारून आरपीएम बदलतो का बघण्याची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास चालते, पण ते द्रव्य पेट घेतं आणि शेजारीच तापलेला मॅनिफोल्ड असतो. मी ते करत नाही. नळी चिमट्याने दाबून ट्रिम खाली येतं का बघणं जास्त बरं.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, ही खास आपल्याकडची भानगड. गाडी गरम होते म्हणून कधीकाळी कुणीतरी मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतो, आणि गाडीच्या तिसऱ्या मालकाला त्याचा पत्ताही नसतो. मग हायवेला कूलंट ऐंशीच्या वर जातच नाही, ईसीयूला वाटतं इंजिन अजून थंड आहे, तो जादा पेट्रोल देत राहतो. लाइव्ह डेटात वीस मिनिटं चालवल्यावरही तापमान साठ-पासष्टवर रेंगाळत असेल तर आधी तिथे बघा. गाडी उभी करून हात लावला तर इंजिन गरमच लागतं, पण कूलंट सेन्सर अजून वीस-तीस अंश दाखवतोय, असं असेल तर कूलंट सेन्सरच गेलाय. तो ऑक्सिजन सेन्सरपेक्षा बराच स्वस्त असतो.

ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलचं सध्या सगळीकडे ऐकू येतं, म्हणून त्याचा हिशोब. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे ई-२० ला योग्य प्रमाण साधारण १३.५ ला एक पडतं. जुन्या गाडीचा ईसीयू ते भरून काढायला ट्रिम चार ते आठ टक्क्यांनी वर नेतो. हे सेन्सर नीट काम करत असल्याचंच लक्षण. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींच्या अ‍ॅव्हरेजमध्ये सहा-सात टक्के घट धरली होती. म्हणजे सोळाची पंधरा. सोळाची अकरा झाली असेल तर सगळं खापर इथेनॉलवर फोडून चालणार नाही.

सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर तपासणीआधी गाडी पेट्रोलवर चालवा आणि वायरिंग बघा. जुन्या किटांमध्ये एम्युलेटर नावाची एक डबी असते. गाडी गॅसवर असताना ती सेन्सरची सिग्नलची तार तोडून ईसीयूला खोटं वर-खाली होणारं व्होल्टेज दाखवते. तुम्ही अ‍ॅपवर सुंदर झोका बघत बसाल आणि तो सेन्सरचा नसेलच. त्या डबीचे टेप गुंडाळलेले जोड पावसाळ्यात हिरवे पडतात, आणि गाडी पेट्रोलवर टाकली तरी सिग्नल पोहोचत नाही. एका मित्राच्या गाडीत सगळा दोष त्या जोडात निघाला.

आणि उंदीर. सेन्सरची तार मॅनिफोल्डकडून वर येते, इंजिनच्या ऊबेला. तारेवरचं आवरण कुरतडलंय का, ती पाइपाला टेकून वितळलीय का, कप्लरमध्ये पाणी किंवा चिखल आहे का, हे डोळ्यांनी बघा. कोकणात पावसाळी फेरी करून आलेल्या गाडीत तर हे आधीच बघा.

मल्टिमीटर

डिजिटल मीटरच हवा. काट्याचा जुना मीटर सिग्नलच खाऊन टाकतो आणि चुकीचा आकडा दाखवतो. मीटरला कमाल-किमान पकडायचं बटण असेल तर उत्तम, कारण आकडे इतके भराभर बदलतात की डोळ्याला पकडता येत नाहीत.

गाडी पंधरा मिनिटं चालवून आणा. सेन्सर साधारण ३०० ते ३५० अंशांच्या पुढेच बोलू लागतो. कप्लर जोडलेलाच ठेवून मागच्या बाजूने, तारेच्या कडेने, बारीक टाचणी आत सरकवा. तारेला भोक पाडू नका. पाणी शिरून वर्षभरात तीच तार आतून सडते. मीटर दोन व्होल्टच्या डीसी रेंजवर, लाल टोक सिग्नलच्या टाचणीला, काळं टोक सेन्सरच्या अर्थिंगला, एक तारेचा असेल तर इंजिनच्या स्वच्छ धातूला.

२,५०० आरपीएम धरा. दहा सेकंदांत किमान आठ वेळा व्होल्टेज ०.४५ ची रेघ ओलांडून वर-खाली व्हायला हवं, खाली ०.२ च्या आत आणि वर ०.७ च्या पुढे. दहा सेकंदांत दोन-तीनच फेऱ्या होत असतील, किंवा झोका ०.३ ते ०.६ एवढाच असेल, तर सेन्सर थकलाय. बिनहीटरचा जुना सेन्सर आयडलिंगला थंड पडून गप्प होऊ शकतो. त्याला रेस देऊनच तपासा.

झोका नसून व्होल्टेज एकाच जागी अडकलं असेल तर मुद्दाम उलटा धक्का द्यायचा. खाली अडकलं असेल तर अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबून सोडा. दाबल्याबरोबर मिश्रण रिच होतं, व्होल्टेजने ०.८ च्या पुढे उडी मारली पाहिजे. वर अडकलं असेल तर एखादी जाडसर व्हॅक्यूम नळी क्षणभर काढा, ०.२ च्या खाली आपटलं पाहिजे. ब्रेक बूस्टरची नळी काढणार असाल तर गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, चाकाला दगड लावून. दोन्ही धक्क्यांना सेन्सरने लगेच उत्तर दिलं तर तो जिवंत आहे आणि समोर दिसतं तेच सांगतोय. मागे जाऊन गळती, मिसिंग, गळका इंजेक्टर शोधा. एकाही धक्क्याला हलला नाही, आणि वायरिंग व हीटर ठीक असतील, तर सेन्सर खरंच गेलाय.

बरोबर ०.४५ वर गोठलेला आकडा वेगळा. बऱ्याच ईसीयू सिग्नलच्या तारेवर स्वतःच तेवढं व्होल्टेज ठेवतात. तो आकडा सेन्सरचा नसून ईसीयूचा. सेन्सर एकतर थंड आहे किंवा तार तुटलीय.

हीटर दोन मिनिटांचं काम आहे. इंजिन थंड, कप्लर सुटा, सेन्सरच्या बाजूला एकाच रंगाच्या दोन तारांमध्ये ओहम मोजा. डेन्सोचे बरेच सेन्सर अकरा ते सोळा ओहम दाखवतात, बॉशचे जुने तीन-चार आणि नंतरचे नऊच्या आसपास. काहीच जोडणी नसेल तर हीटर जळाला. हीटर ठीक असेल तर गाडीच्या बाजूच्या कप्लरमध्ये इग्निशन ऑन करून बारा व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर फ्यूज. अख्खा सेन्सर बदलून झाल्यावर फ्यूज उडालेला सापडल्याची हकिगत मी दोघांकडून ऐकलीय. आणि बॅटरीचे बारा व्होल्ट चुकूनही सिग्नलच्या तारेला लावू नका, चांगला सेन्सर जागीच मरेल.

काढणं आणि बसवणं

इथवर येऊन सेन्सर दोषी ठरला तर तो काढा. बहुतेकांना २२ चा पाना लागतो, चूडी १८ मिलिमीटरची. आदल्या रात्री चूडीवर गंज सोडवायचं तेल मारा, सकाळी इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून कोमट करा आणि मग झटका द्या. तार जाईल अशी खाच असलेला सॉकेट मिळाला तर कडा घासत नाहीत.

टोक बघा. सुकी काळी काजळी म्हणजे गाडी रिच चालत होती. कारण काढलं तर काजळी आपोआप जळून जाते. पांढरी बारीक पूड दिसली तर कुणीतरी गॅस्केटला साधा सिलिकॉन फासलाय. हिरवट-पांढरे कण म्हणजे कूलंट सिलिंडरमध्ये जातोय. तेव्हा सेन्सरचं राहू द्या, आधी हेड गॅस्केट बघा. तपकिरी राखेसारखा थर ऑइलचा. पेट्रोलमध्ये किंवा अ‍ॅसिडमध्ये बुडवून सेन्सर 'नवा' करण्याचे व्हिडिओ मी पाहिलेत आणि एकदा करूनही पाहिलंय. टोक चकचकीत झालं, झोका होता तसाच सुस्त राहिला.

नवा घेताना तुमच्याच मॉडेलच्या कप्लरचा घ्या. तारा कापून जोडायचा युनिव्हर्सल घ्यावा लागला तर त्यासोबत मिळणारे दाबायचे जोडच वापरा, सोल्डरिंग करू नका. बऱ्याच सेन्सरना आतली साधी हवा तारांच्या आवरणातल्या पोकळीतूनच मिळते. सोल्डरने ती वाट बुजली की सेन्सर गुदमरतो. कप्लरमध्ये ग्रीस भरायचं नाही ते त्याचसाठी. चूडीवर कंपनीनेच लावलेलं पेस्ट असतं, ते टोकाला लागू देऊ नका. टॉर्क साधारण ४० ते ४५ न्यूटन-मीटर, आणि तार मूळच्या क्लिपांतून ओवा. मॅनिफोल्डला टेकली तर महिन्यात वितळेल.

कोड आता पुसा, किंवा बॅटरीचा मायनस अर्धा तास काढून ठेवा. पहिला दिवस आयडलिंग थोडं अडखळेल, ईसीयू नव्याने शिकत असतो. शंभर-दीडशे किलोमीटर, थोडं शहरात, थोडं हायवेला चालवून ट्रिम परत वाचा. अ‍ॅव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल असंच मोजा, एकाच पंपावर, पहिल्या कटला थांबवून. मीटरवरच्या आकड्याचा भरवसा नाही.

माझ्याकडे गॅस्केट बदललं, मॅनिफोल्डचे दोन गंजलेले नट बदलले. लाँग टर्म ट्रिम अधिक एकोणीसवरून अधिक पाचवर आलं, तिसऱ्या टाकीला अ‍ॅव्हरेज पंधराच्या वर गेलं. मग कुतूहल म्हणून जुना सेन्सर परत लावून २,५०० वर मोजला: दहा सेकंदांत नऊ फेऱ्या, नव्याला अकरा. जुनाच गाडीत ठेवला. नवा त्याच्या खोक्यासकट डिकीत, स्टेपनीशेजारी पडून आहे.